मांडवाची सैल तार

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलो, तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. आमच्या कॉलनीतल्या तिघीचौघी सकाळी जाऊन दुपारी घरी आल्या होत्या. पण नाशिकच्या डॉक्टर मॅडम तपासता तपासता थांबल्या. "आजी, या डोळ्याला कधी मार लागला होता का?"

"नाही हो, काही नाही," आई पटकन म्हणाली.

मला मात्र आठवलं. मी चौथीत असताना निफाडकडच्या आमच्या द्राक्षबागेत बांबू सटकून आईच्या उजव्या डोळ्यावर बसला होता. डोळा सुजला, दोन दिवसांनी आई पुन्हा कामाला लागली. मी ते सांगून टाकलं. बाहेर आल्यावर आई चिडलीच, "कशाला जुनं उकरून काढलंस? ऑपरेशनच नको म्हणाल्या असत्या तर?"

मॅडमनी नंतर नीट समजावलं. डोळ्यातलं जेमतेम १० मिलिमीटरचं भिंग शेकडो बारीक तंतूंनी चहूबाजूंनी ताणून धरलेलं असतं. मार लागला की काही तंतू तुटतात. आईचं भिंग डोळा हलवला की थरथरत होतं. अशा वेळी नेहमीसारखं ऑपरेशन केलं तर भिंग डोळ्याच्या मागच्या भागात निसटू शकतं.

"म्हणजे मांडवाची तार एका बाजूनं सैल झाली म्हणा की!" आई म्हणाली. मॅडम हसल्या, "अगदी तस्संच!"

यावर उपाय आहे. भिंगाच्या पिशवीत घोड्याच्या नालेसारखी उघडी, प्लॅस्टिकची बारीक रिंग बसवतात. ती पिशवी आतून गोल ताणते, ओढ सगळीकडे सारखी वाटली जाते. १९९१ मध्ये जपानमधल्या डॉक्टर हारा यांनी पिशवीत रिंग बसवण्याची कल्पना सुचवली होती. तंतू फारच तुटले असतील, तर रिंग टाक्यानं डोळ्याच्या भिंतीला बांधतात किंवा कृत्रिम भिंग वेगळ्या रीतीनं बसवतात. आधी माहीत असेल तर डॉक्टर ही तयारी ठेवतात.

आईला साध्या रिंगवर भागलं. वेळ जास्त लागला, बाहेर बाकावर माझा जीव टांगणीला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आई म्हणाली, "अगं, किती वाळलीस तू!"

मैत्रिणींनो, मार हे एकच कारण नव्हे. मोतीबिंदू "पिकू दे" म्हणत वर्षानुवर्षं ठेवला, चष्म्याचा मायनस नंबर फार मोठा असला, उतारवयात बाहुलीच्या कडेला पांढुरका कोंडा साचला, तरी हे तंतू कमकुवत होतात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. विटी लागली, बैलाचं शिंग लागलं, फटाका उडाला, कितीही जुनं असो, सगळं सांगा. रिंग लागली तर खर्च किती, हेही आधीच विचारा. आणि नंतरच्या तपासण्या चुकवू नका. काही डोळ्यांत बसवलेलं भिंग बऱ्याच वर्षांनीही सरकतं.

आता शेजारच्या काकू ऑपरेशनला निघाल्या की आईच दारात गाठून विचारते, "डोळ्याला कधी लागलं होतं का गं?"