नाम गणनीय की अगणनीय, हे संगणक कसे ठरवतो?

एटापल्लीच्या जंगलातील तेंदूपाने मोजून पुड्यांत बांधली जातात आणि मोहफुले वजनावर विकली जातात. मात्र व्यवहारातील या भेदावरून इंग्रजी नामांचा प्रकार ठरत नाही, कारण 'लीफ' आणि 'फ्लॉवर' ही दोन्ही नामे गणनीय, म्हणजे संख्या लावता येणारी आहेत, तर दाणा न् दाणा वेगळा दिसूनही 'राइस' अगणनीय आहे. त्यामुळे वस्तूचे रूप बाजूला ठेवून नामाच्या आगेमागे येणारे शब्द तपासणे हाच संगणकासाठी खात्रीचा मार्ग ठरतो. टिमथी बाल्डविन व फ्रान्सिस बाँड यांनी २००३ मध्ये हीच दिशा धरली आणि भाषासंग्रहातील, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील लेखनाच्या साठ्यातील, अनेकवचने, 'अ'सारखी उपपदे आणि 'मेनी', 'मच' यांसारखे परिमाणदर्शक शब्द यांवरून नामांचे वर्गीकरण केले.

खरी कसोटी 'बॅम्बू'सारख्या नामाची असते. 'अ बॅम्बू चेअर' या शब्दबंधातील 'अ' हे उपपद 'चेअर'चे असते. केवळ शेजार पाहणारा प्रोग्राम ते 'बॅम्बू'ला जोडतो, म्हणून आधी वाक्यरचनेचे विश्लेषण आवश्यक ठरते. शिवाय 'बॅम्बू' हे नाम बांधकामाचे साहित्य म्हणून अगणनीय, तर वनस्पतीची जात म्हणून गणनीय असल्याने त्याला एकच शिक्का मारणे चुकीचे ठरते आणि निर्णय प्रत्येक वाक्यापुरता घ्यावा लागतो.