युनिटभर सूर्य

विजेचं बिल आलं की जळगावच्या पिंप्राळ्यात माणूस आधी रक्कम बघतो, मग जमलंच तर युनिट. आज फक्त युनिट बघू.

5 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरचे 192 झोत सोन्याच्या अस्तराच्या एका डबीत शिरले. डबीत हायड्रोजन भरलेली बाजरीच्या दाण्याएवढी गोळी होती; ती दाबून आतले अणू सूर्यातल्यासारखे एकमेकांत मिसळवायचे, म्हणजे संमीलन घडवायचं होतं. आत गेली 2.05 मेगाज्यूल ऊर्जा, बाहेर आली 3.15. जगभर टाळ्या पडल्या. घरच्या मीटरवर हाच हिशेब मांडला, तर आत 0.57 युनिट आणि बाहेर 0.88. धड एक युनिटही नाही!

पण ते अर्धं युनिट ओतलं गेलं काही अब्जांश सेकंदांत. त्या क्षणी लेझरची ताकद 500 लाख कोटी वॅटच्या घरात पोचते. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात 500 मेगावॅटचा एक संच आहे ना? तसे दहा लाख संच एकदम. गोळीचं कवच सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगानं आत कोसळतं, म्हणजे जळगावहून निघून सेकंदाभरात मुंबई. आतला हायड्रोजन पांगायला निघण्याआधीच पेटतो. त्याला धरून ठेवतं ते केवळ त्याचं स्वतःचं जडत्व.

आता उधळपट्टी ऐका. तो मारा करायला लेझरनं वीज घेतली सुमारे 300 मेगाज्यूल, म्हणजे 83 युनिट. एखाद्या लहान कुटुंबाचा महिना निघतो तेवढ्यात. दोष गोळीचा नाही, दाबणाऱ्या हाताचा आहे. म्हणून दुसरे हात शोधणं चालू आहे.

मला त्यातलं सगळ्यात पटतं ते न्यू मेक्सिकोतलं 'झेड' यंत्र. एकाच दिशेनं वीज वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात, एवढ्याच साध्या गोष्टीवर ते उभं आहे. जिनिंगमध्ये रुईची गाठ दाबायला प्रेस लागतो; इथे वीज स्वतःच प्रेस होते. बेरिलियमच्या बोटाच्या पेराहून लहान नळीतून 2 कोटींच्या आसपास अँपिअर सोडले की नळी आतल्या आत चिरडली जाते. आकाशातल्या साध्या विजेत 30 हजार अँपिअर असतात. सगळा खेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागात आटोपतो, आणि यंत्रात साठवलेली वीज असते जेमतेम सहा युनिट.

ऑक्सफर्डजवळच्या एका कंपनीनं तोफच वापरली. सेकंदाला 6.5 किलोमीटरचा गोळा, म्हणजे जळगावहून चार सेकंदांत भुसावळ. 2022 साली त्यांना संमीलन साधलंही; पुढे 2025 मध्ये गोळ्यावर चालणाऱ्या वीजकेंद्राचा बेत त्यांनी सोडला. जड आयनांचे झोत मारायची कल्पना 1970च्या दशकातली. लेझरपेक्षा ती खूप काटकसरी आहे, पण गोळी पेटवील एवढा झोत अजून कुणी बांधलेला नाही.

आपल्याकडे? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'काली-5000' नावाचं यंत्र आहे: 10 लाख व्होल्ट, 40 हजार अँपिअर. क्षणभराची ताकद 40 हजार मेगावॅट, म्हणजे दीपनगरचे तसे 80 संच. ते संमीलनासाठी बांधलेलं नाही, आणि वर्तमानपत्रांनी त्याचं क्षेपणास्त्रं पाडणारं अस्त्र केलं तो भाग निराळा. पण हळूहळू साठवायचं आणि एका फटक्यात सोडायचं, ही विद्या झेडचीच.

स्वतः होमी भाभांनी 1955 साली जिनिव्हात वीस वर्षांत संमीलनाची वीज काबूत येईल असं भाकीत केलं होतं. ती मुदत 1975 लाच संपली. पैज लावायची तर मी तरीही विजेच्या प्रेसवर लावीन, मात्र लगेच नाही. लेझरवर वीजकेंद्र चालवायचं तर सेकंदाला दहाएक गोळ्या पेटायला हव्यात, म्हणजे दिवसाला 8,64,000. विजेच्या प्रेसला त्याहून पुष्कळ कमी पुरतील, पण झेडचा मारा साधारण दिवसाला एकच होतो, आणि दर माऱ्यात मधला भाग उडून जातो. तो पुन्हा नवा बसवावा लागतो.