विवाहोत्तर स्थलांतरित जोडीदाराचा आरोग्य विमा

विवाहानंतर एका गावातून, जिल्ह्यातून, राज्यातून अथवा देशातून दुसरीकडे राहावयास आलेल्या पती वा पत्नीस नव्या कुटुंबाच्या आरोग्य विम्यात समाविष्ट करून घेण्याच्या प्रक्रियेचा विचार या लेखात केला आहे. स्थलांतरित जोडीदार म्हटले की परदेशी गेलेले दांपत्य डोळ्यांसमोर येते. भारतात मात्र विवाह हे स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण असल्याचे जनगणनेत वारंवार आढळले आहे, आणि या स्थलांतरितांपैकी बहुतेक जणी जवळच्याच तालुक्यातून आलेल्या असतात. महाराष्ट्रातील शासकीय आरोग्य विमा हा व्यक्तीला नव्हे तर कुटुंबाला मिळतो आणि कुटुंब म्हणजे कोण हे प्रामुख्याने शिधापत्रिकेवरून ठरते. त्यामुळे माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी झालेली, परंतु सासरच्या शिधापत्रिकेत अद्याप न चढलेली स्त्री काही काळ कोणत्याच कुटुंबात मोजली जात नाही.

जामखेड तालुक्यातील पार्श्वभूमी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकास असलेल्या जामखेड तालुक्याच्या सीमा बीड, धाराशिव व सोलापूर या तीन जिल्ह्यांना भिडतात. आष्टी, पाटोदा, भूम, परांडा, करमाळा या शेजारच्या तालुक्यांशी येथील कुटुंबांचे सोयरसंबंध जुने आहेत. यांपैकी बीड आणि धाराशिवकडील मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर जामखेड मुंबई इलाख्यात होते. राज्याची सीमा पुसली गेली, तरी जिल्ह्याची राहिली. पाच-दहा कोसांवरून आलेल्या सुनेचे नाव ज्या तहसील कार्यालयात आहे, ते बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात, किंबहुना दुसऱ्या महसूल विभागात असते.

आरोग्याच्या क्षेत्रात जामखेडचे नाव डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये येथे सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे जगभर पोहोचले. या दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातीलच, अनेकदा निरक्षर स्त्रीला प्रशिक्षण देऊन ग्राम आरोग्य सेविका करणे हा प्रकल्पाचा गाभा होता. त्या काळी ग्रामीण भागात आरोग्य विमा जवळजवळ नव्हताच. नव्याने आलेल्या सुनेची चौकशी करणारी, ती गरोदर आहे काय हे ओळखणारी व्यक्ती गावातच असणे हेच तिचे संरक्षण होते. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा स्वयंसेविकांची योजना आली. आशा ही गावात राहणारी विवाहित, विधवा वा घटस्फोटित स्त्री असावी असा निकष तेव्हा ठेवण्यात आला, कारण अविवाहित मुलगी लग्न होऊन गाव सोडून जाण्याची शक्यता असते. स्त्रीचे गाव विवाहाने बदलते ही गोष्ट आरोग्य यंत्रणेने अशा रीतीने गृहीत धरली. विम्याच्या नोंदींत मात्र ती तितकीशी उतरलेली नाही.

राज्य शासनाची योजना

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि तेव्हा अहमदनगर जिल्हाही तिच्या कक्षेत आला. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्रितपणे राबविल्या जातात.

आरंभी पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा ५ लाख रुपये करून शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही योजनेत घेण्यात आले. हा विस्तार प्रत्यक्षात १ जुलै २०२४ पासून अमलात आला. उत्पन्नाची भिंत यामुळे बरीच खाली आली, पण शिधापत्रिकेचे महत्त्व त्याच प्रमाणात वाढले.

नवविवाहितेच्या दृष्टीने योजनेचे दोन गुण मोठे आहेत. कुटुंबातील सदस्यसंख्येवर मर्यादा नाही आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी नाही. लग्नापूर्वीचा हृदयाच्या झडपेचा आजार असला, तरी नाव समाविष्ट होताच उपचार मिळू शकतात. मात्र ५ लाखांची रक्कम संपूर्ण कुटुंबास मिळून असते. सुनेचे नाव सासऱ्यांच्या शिधापत्रिकेत चढले, तर ती, पती, सासू-सासरे, दीर, जाऊ अशा सर्वांना तीच रक्कम पुरवावी लागते. विभक्त शिधापत्रिका झाल्यास ते स्वतंत्र कुटुंब ठरते. चूल वेगळी करण्याला असे आर्थिक महत्त्वही आले आहे. ते योजनाकारांच्या मनात असेल असे वाटत नाही.

सामान्य बाळंतपणासाठी या विम्याची वाट पाहण्याची गरज नाही. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, आहार व वाहतूक मोफत आहे. विम्याची खरी निकड अपघात, भाजणे, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग अशा खर्चिक प्रसंगी लागते.

कागदपत्रांचा क्रम

प्रक्रियेची पहिली पायरी विवाह नोंदणी होय. महाराष्ट्र विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ अन्वये विवाहानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करणे अपेक्षित आहे. ती उशिराही करता येते. सर्वोच्च न्यायालयानेही १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) असते. नोंदणी करताना वधूवरांसह साक्षीदारांच्या सह्या लागतात. लग्नाच्या धावपळीत हे राहून जाते आणि पुढे साक्षीदार गोळा करणे अवघड होते.

दुसरी पायरी माहेरच्या तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत. तेथे नमुना क्रमांक ९ भरून शिधापत्रिकेतून नाव कमी करून घ्यावे लागते व तसा दाखला घ्यावा लागतो. हा दाखला, विवाह प्रमाणपत्र आणि आधार यांसह सासरच्या तहसील कार्यालयात नमुना क्रमांक ८ भरल्यावर नाव वाढविले जाते. शिधापत्रिका आधारशी जोडलेल्या असल्याने एकाच व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. माहेरी नाव कमी करण्यापूर्वी विवाह प्रमाणपत्र हाती असावे आणि दोन्ही अर्जांमध्ये शक्य तितके कमी दिवस जावेत, ही काळजी घेतल्यास मधली पोकळी लहान राहते. अर्जाची पोच अवश्य घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते.

केंद्राच्या योजनेत आणखी एक गुंता आहे. तिची मूळ लाभार्थी यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवर आधारलेली होती. त्या वर्षी आठ-दहा वर्षांची असलेली मुलगी आज विवाहित असली, तरी त्या यादीत ती वडिलांच्या कुटुंबात दिसते. अशा कुटुंबांत विवाहाने आलेल्या सदस्याचे नाव वाढविण्याची सोय योजनेत आहे. त्यासाठीही नाते सिद्ध करणारी कागदपत्रे लागतात.

नावातील बदल

मराठी रीतीप्रमाणे स्त्रीच्या नावात विवाहानंतर वडिलांच्या नावाऐवजी पतीचे नाव येते व आडनावही बदलते. काही घरांत तबकातील तांदळांवर नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. असे झाले की शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि शिधापत्रिकेत तिसरे नाव राहते. रुग्णालयातील आरोग्यमित्र ओळखपत्र व शिधापत्रिका ताडून पाहतो. तेथे तफावत आढळल्यास मंजुरी अडू शकते. विवाहानंतर नाव बदलण्याची कायदेशीर सक्ती नाही. ज्यांनी ते बदललेले नाही, त्यांनी शिधापत्रिकेत आधारवरील नावच लिहिले जाईल याकडे लक्ष द्यावे. नोंद करणारा कर्मचारी सवयीने पतीचे नाव मध्ये घालतो.

ऊसतोडीचा हंगाम आणि अल्पवयीन विवाह

जामखेड, पाथर्डी व शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. तोडीचे एकक ‘कोयता’ हे असून एक कोयता म्हणजे बहुधा पती-पत्नीची जोडी. मुकादमाकडून उचल जोडीला मिळते. म्हणून हंगामापूर्वी लग्न उरकण्याकडे कल असतो. अशा स्थितीत नववधू काही महिन्यांत दोनदा स्थलांतर करते: माहेराहून सासरी आणि तेथून उसाच्या फडावर. नमुना ८ चा अर्ज करावयाचा, त्याच महिन्यांत कुटुंब गावी नसते. नाव एकदा चढले असल्यास मात्र राज्यातील कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात उपचार घेता येतात. ते स्वतःच्याच जिल्ह्यात असण्याची अट नाही. तातडीच्या प्रसंगी रुग्णालयास दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात व कागदपत्रे नंतर सादर करता येतात. राज्य योजनेची मदतवाहिनी १५५३८८, तर केंद्रीय योजनेची १४५५५ या क्रमांकावर आहे.

वधू १८ वर्षांखालील असल्यास विवाह नोंदणी होत नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ चा तो हेतूच आहे. परिणाम मात्र मुलीलाच भोगावा लागतो. कमी वयातील गर्भारपणामुळे जिला धोका अधिक, तिच्याकडेच प्रमाणपत्र नसते आणि म्हणून सासरच्या शिधापत्रिकेत नावही नसते. अशा वेळी माहेरच्या शिधापत्रिकेतील नाव कमी न करणे हिताचे ठरते, कारण तेवढेच संरक्षण तिच्याजवळ उरते. वय व विवाहाची नोंद कशीही असली, तरी शासकीय रुग्णालयातील मोफत प्रसूती सेवा तिला नाकारता येत नाही.

नोकरी व खासगी विमा

कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराच्या जोडीदाराचा कुटुंबात समावेश होतो; विवाहानंतर मालकामार्फत नोंद करून घ्यावी लागते. वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे. कंपन्यांच्या समूह विम्यात नवविवाहित जोडीदाराचे नाव वर्षाच्या मध्येच वाढविता येते. यासाठी बहुधा ३० दिवसांची मुदत असते आणि ती चुकल्यास पुढील नूतनीकरणापर्यंत थांबावे लागते.

खासगी वैयक्तिक विम्यात चित्र उलटे आहे. नव्या सदस्यासाठी अपघात वगळता पहिल्या ३० दिवसांत दावा करता येत नाही आणि पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षा असते. ही प्रतीक्षा जास्तीत जास्त ४८ महिने असू शकत असे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये ती ३६ महिन्यांवर आणली. प्रसूतीखर्चासाठीही वेगळा प्रतीक्षा कालावधी असतो. त्यामुळे लग्न झाल्यावर नव्हे, तर ठरल्यावरच पॉलिसीचा विचार करणे व्यवहार्य ठरते.

परदेशी जोडीदार व परदेशातील मराठी कुटुंबे

भारतीयाशी विवाह करून येथे आलेल्या परदेशी व्यक्तीस शिधापत्रिकेवर आधारित योजनांचा लाभ मिळत नाही. विवाह नोंदवून तो सलग दोन वर्षे टिकल्यावर परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डासाठी अर्ज करता येतो, परंतु ते कार्ड म्हणजे पूर्ण नागरिकत्व नव्हे. तोवर नोकरीतील समूह विमा किंवा खासगी विमा हेच मार्ग उरतात.

याउलट जामखेड-नगर परिसरातून परदेशी गेलेल्या जोडीदारास त्या त्या देशाची रीत लागू होते. अमेरिकेत पती वा पत्नीच्या नोकरीतील विम्यात विवाहानंतर ३० दिवसांत नाव नोंदविण्याचा हक्क १९९६ च्या केंद्रीय कायद्याने दिला आहे. लग्न भारतात होऊन व्हिसा मिळण्यास काही महिने लागले, तर ही मुदत तेथे पाऊल ठेवण्यापूर्वीच संपून जाऊ शकते. म्हणून लग्नानंतर लगेच कंपनीला कळवावे लागते. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीस वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि तो भरल्यावर राष्ट्रीय आरोग्य सेवा खुली होते. दुबईत २०१३ च्या कायद्यानुसार आश्रितांचा विमा काढण्याची जबाबदारी त्यांना बोलावणाऱ्या व्यक्तीवर आहे. जर्मनीत सार्वजनिक विमा असलेल्या व्यक्तीच्या, स्वतःचे उत्पन्न नसलेल्या वा अत्यल्प असलेल्या जोडीदारास वेगळा हप्ता न भरता संरक्षण मिळते. तेथेही विवाह प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते पुन्हा गावच्या ग्रामपंचायतीतूनच आणावे लागते.