एक ओळ दोनदा आली आणि आयफोनचं कुलूप ढिलं झालं

कोडची गुंतागुंत मोजायची प्रसिद्ध पद्धत थॉमस मॅककेब यांची, १९७६ची: ‘जर-तर’चे फाटे मोजा, एक मिळवा. आकडा मोठा, तर तपासणी अवघड.

पण फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलने दुरुस्त केलेली चूक या आकड्यात दिसलीच नसती. सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’, म्हणजे थेट शेवटी उडी मारा, ही ओळ दोनदा आली होती. दुसरी ओळ आत सरकवलेली, म्हणून ‘जर’च्या अटीतली वाटायची, कंस नसल्याने ती दरवेळी चालायची. सर्व्हरची सही न तपासताच निकाल ‘सगळं ठीक’! सार्वजनिक वायफायवरच्या चोराला बँकेच्या साइटचं सोंग घेता आलं असतं.

फाटे तेवढेच, आकडा तोच. फसले ते वाचणाऱ्याचे डोळे. २०१६मध्ये आलेला जीसीसी ६ हा कंपायलर मात्र अशा फसव्या मांडणीवर इशारा देतो.