दोन वर्षे तीच नर्स

सतरा वर्षांच्या मुलीला दिवस गेले, की घरात आदळआपट होते आणि बाहेर कुजबुज. शिक्षण अडते, मैत्रिणी दुरावतात, दवाखान्याची पायरी चढायचीही लाज वाटते. ब्रिटनमधली ‘फॅमिली नर्स पार्टनरशिप’ ही योजना अशा वेळी तिच्या घरी प्रशिक्षित नर्स पाठवते. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत शक्यतो तीच नर्स येत राहते.

कल्पना मूळची अमेरिकन संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांची. इंग्लंडमध्ये ती २००७ साली १० ठिकाणी सुरू झाली, तर स्कॉटलंडमध्ये २०१० साली एडिनबरापासून. इंग्लंडमध्ये ती प्रामुख्याने १९ वर्षांपर्यंतच्या, पहिलटकरीण मुलींसाठी होती. मूळ आराखड्यात गरोदरपणी साधारण पंधरवड्याला एक भेट, बाळंतपणानंतर सहा आठवडे दर आठवड्याला आणि पुढे पुन्हा पंधरवड्याने. सिगारेट सोडण्यापासून अंगावर पाजण्यापर्यंत, बाळाच्या रडण्यापासून जोडीदाराशी होणाऱ्या भांडणापर्यंत सगळे बोलता येते. पुढचे मूल कधी, शिक्षण पुन्हा कसे सुरू करायचे, हेही.

घरी नर्स पाठवण्याचा हा खर्च सार्थकी लागतो का, हे इंग्लंडमध्ये तपासले गेले. १,६४५ मुलींचा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. धूम्रपान, बाळाचे जन्मवजन, दोन वर्षांतले दुसरे गरोदरपण, बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागणे, यांपैकी कशातही योजनेतल्या आणि योजनेबाहेरच्या मुलींमध्ये फरक दिसला नाही. त्यानंतर इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी योजना बंद पडली. पुढे या मुलींच्या बाळांचा मागोवा घेतला, तेव्हा शाळेच्या उंबरठ्यावर योजनेतली मुले अधिक तयार असल्याचे आढळले. सोबतीचे फळ आईच्या तपासणीच्या कागदावर नव्हे, मुलाच्या वाढीत उतरले होते. त्यासाठी थांबायला हवे होते.

महाराष्ट्राने हे मन लावून वाचावे. घरी जाऊन बाळ वाचवण्याची वाट गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूतांच्या साथीने दाखवली. आज आशाताई नवजात बाळासाठी घरी येतात. पण बालविवाह झालेली कोवळी आई अनेकदा कायद्याच्या धाकाने गरोदरपण लपवते आणि उपचारांना उशीर होतो. बालविवाह रोखायलाच हवेत. मात्र जी आई झाली आहे, तिला आधी विश्वासाची एक नर्स द्या. तीच नर्स पुरेशी वर्षे तिच्याकडे येत राहील, एवढी तरतूद करा.