प्रतापगडाच्या पायथ्याची कबर : वाद कबरीचा की भोवतीच्या भिंतींचा?

१० नोव्हेंबर २०२२ रोजी सातारा जिल्हा प्रशासनाने मोठ्या पोलीस बंदोबस्तात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या कबरीभोवती उभी राहिलेली बांधकामे पाडली. बातमी राज्यभर पसरली तेव्हा अनेकांच्या तोंडी एकच वाक्य होते : ‘कबर पाडली.’ कोणी ते समाधानाने म्हणत होते, कोणी संतापाने. वास्तविक कबर पाडलेली नव्हती आणि ती पाडावी असा कोणत्याही न्यायालयाचा आदेशही नव्हता. पाडली गेली ती कबरीच्या आसपास वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय उभारलेली बांधकामे. कबर आणि कबरीभोवतीचे बांधकाम यांतला हा फरक गेली अनेक वर्षे सार्वजनिक चर्चेत जवळजवळ पुसला गेला आहे. या वादाचा सगळा गुंता त्या पुसलेल्या रेषेत आहे, म्हणून तो मुळापासून पाहणे आवश्यक ठरते.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी जावळीच्या खोऱ्यात, प्रतापगडाखाली उभारलेल्या शामियान्यात छत्रपती शिवाजी महाराज आणि विजापूरचा सरदार अफझलखान यांची भेट झाली. पुढे काय घडले ते मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. खान मारला गेला, महाराजांवर चालून आलेल्या सय्यद बंडाला जिवा महालाने आडवे केले आणि दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी विजापुरी फौजेची दाणादाण उडवली. खान आला तो वाटेत तुळजापूर आणि पंढरपूरच्या देवस्थानांना उपद्रव देत आला, असे बखरी सांगतात. एवढ्या वैराचा शेवट झाल्यावर महाराजांनी शत्रूच्या देहाची विटंबना न होऊ देता त्याच्या धर्माप्रमाणे दफन करविले, अशी परंपरा आहे. मरणाबरोबर वैर संपते, हा विचार त्यामागे होता असे परंपरा मानते. शेजारीच सय्यद बंडाची कबर दाखवली जाते. म्हणजे ही कबर तेथे आहे ती जेत्याच्या इच्छेने. कबरीच्या अस्तित्वाला आक्षेप घेणाऱ्याला आधी या परंपरेशी वाद घालावा लागेल, ही गोष्ट कबर उखडण्याची भाषा करणारे सोयीस्करपणे विसरतात.

या रणभूमीजवळ धार्मिक वास्तू उभी राहण्याची सुरुवातही लवकरच झाली. घटनेनंतर दोनच वर्षांनी, १६६१ मध्ये, महाराजांनी गडावर भवानीचे मंदिर बांधले. तुळजापूर त्या वेळी आदिलशाहीच्या मुलखात होते आणि तेथे दर्शनाला जाणे सोपे नव्हते. तेव्हापासून गडावर भवानी आणि पायथ्याला खानाची कबर अशा दोन खुणा एका डोंगराने सांभाळल्या. तीनेकशे वर्षे या शेजारामुळे कोणाचे काही बिघडले नाही.

प्रतापगड हे केवळ इतिहासाचे ठिकाण मात्र कधीच नव्हते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते गडावरील अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने केली. नेहरूंनी शिवाजी महाराजांविषयी पूर्वी केलेल्या लेखनाचा राग त्यात होता आणि मुंबईसह मराठी राज्य नाकारल्याचा रागही होता. द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची त्या दिवशी कसोटी लागली. गडाशी संबंधित प्रत्येक दगड राजकारणात वजनदार असतो, हे त्या दिवशीच दिसले होते.

कबरीभोवतीचे बांधकाम त्यानंतरच्या दशकांत वाढत गेले. कबरीची देखभाल करणारी संस्था स्थापन झाली, येणाऱ्यांच्या निवासासाठी खोल्या झाल्या, कबरीच्या परिसराला दर्ग्याचे रूप येऊ लागले. विरोधकांचा आक्षेप नेमका यावर होता : पराभूत आक्रमकाच्या थडग्याला साधुसंताच्या दर्ग्याची प्रतिष्ठा दिली जात आहे, उरूस भरवले जात आहेत, नवस बोलले जात आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कबरीवर फुले वाहणाऱ्याला खानाच्या मोहिमेशी काही देणेघेणे नसते. मृताविषयी आदर दाखवणे ही त्याची श्रद्धा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण न्यायालयात या दोहोंपैकी एकाचाही निकाल लागायचा नव्हता. तेथे प्रश्न होता जमिनीचा.

जमीन वनखात्याची. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार वनजमीन वनेतर कामासाठी वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते; राज्य सरकारलाही ती परस्पर देता येत नाही. ही तरतूद किती कडक आहे ते पूर्व विदर्भातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. नागऱ्यापासून नागझिऱ्यापर्यंत गोंदिया जिल्ह्यात कुठेही विचारा, जंगलाच्या कडेला पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्याला आपल्या तुकड्याचा पट्टा मिळवण्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली किती कागद गोळा करावे लागतात ते कळेल. त्याच वनखात्याच्या जमिनीवर सह्याद्रीत पक्क्या खोल्या उभ्या राहतात आणि वर्षानुवर्षे कोणी हटकत नाही, याचे आश्चर्य वाटले पाहिजे. हे बांधकाम एका रात्रीत झालेले नव्हते. ते होत असताना डोळेझाक करणारे अधिकारी आणि त्यांना डोळेझाक करू देणारे पुढारी कोण, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या घोषणांमध्ये फारसा ऐकू आला नाही.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ही अनधिकृत बांधकामे हटवण्याचे आदेश झाले. अंमलबजावणी मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. सरकारे बदलली, प्रत्येकाचे कारण एकच, कायदा व सुव्यवस्था. ती भीती अगदीच पोकळ नव्हती. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात अफझलखानवधाचे चित्र असलेल्या कमानीवरून मिरजेत दंगल उसळली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजीपर्यंत पोहोचले. ज्या प्रसंगाच्या नुसत्या चित्रावरून शहर पेटते, त्या प्रसंगाच्या जागी बुलडोझर नेण्याचे धाडस कोणाला झाले नाही. उलट पायथ्याचा परिसर पोलीस पहाऱ्यात ठेवून लोकांना तेथे जाण्यास मज्जाव करण्यात आला. परिणामी बांधकाम तसेच राहिले आणि जे पाहता येत नाही त्याविषयीच्या अफवा वाढल्या.

योगायोग असा की त्याच सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात अंतरिम आदेश देऊन सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कोणत्याही नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये आणि आधीपासून असलेल्यांबाबत राज्यांनी प्रकरणागणिक निर्णय घ्यावा, असे बजावले. त्या यादीत सर्व धर्मांची नावे आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

अखेर २०२२ मध्ये कारवाई झाली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हाधिकारी आणि वनखात्याच्या अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला. बांधकाम सरकारी वनजमिनीवर होते, ते हटवले आहे आणि कबरींना धक्का लागलेला नाही, ही राज्य सरकारची बाजू ऐकून न्यायालयाने २८ नोव्हेंबर रोजी प्रकरण बंद केले.

कायद्याच्या दृष्टीने विषय तेथे संपतो. पण जमीन सरकारी नसती, बांधकामाला सर्व परवानग्या असत्या, तर? या ‘तर’चे उत्तर आपल्याला न्यूयॉर्कमध्ये पाहायला मिळते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जागतिक व्यापार केंद्राचे दोन मनोरे कोसळले. तेथून दोन रस्ते पलीकडे पार्क प्लेसवर कापडविक्रीच्या दुकानाची एक जुनी इमारत होती; विमानाचा एक भाग तिच्या छतातून आत घुसला होता. ती जुलै २००९ मध्ये एका मुस्लीम बांधकाम व्यावसायिकाने ४८ लाख ५० हजार डॉलरला विकत घेतली. इमाम फैझल अब्दुल रऊफ यांच्या पुढाकाराने तेथे तेरा मजली केंद्र उभारण्याचा बेत होता : पोहण्याचा तलाव, सभागृह, ग्रंथालय आणि नमाजाची जागा. आधी नाव ठरले ‘कॉर्डोबा हाउस’, पुढे झाले ‘पार्क ५१’. २०१० च्या उन्हाळ्यात विरोधकांनी त्याला ‘ग्राउंड झीरोवरची मशीद’ म्हटले आणि अमेरिकेत वादळ उठले. खरे तर ती ग्राउंड झीरोवर नव्हती आणि निव्वळ मशीदही नव्हती. पण येथल्या ‘कबर पाडली’प्रमाणे तेथेही तीन शब्दांनी चर्चेची दिशा ठरवून टाकली.

मालकी निर्विवाद होती. ३ ऑगस्ट २०१० रोजी शहराच्या वारसा आयोगाने जुन्या इमारतीला संरक्षित दर्जा देण्यास ९ विरुद्ध ० मतांनी नकार दिला आणि ती पाडून नवी बांधण्याचा मार्ग मोकळा झाला. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी त्याच दिवशी धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने निःसंदिग्ध भाषण केले. अध्यक्ष बराक ओबामा यांनी इफ्तारच्या कार्यक्रमात बांधण्याच्या हक्काचे समर्थन केले, मात्र दुसऱ्याच दिवशी तेथे बांधणे शहाणपणाचे आहे की नाही यावर आपण बोललेलो नाही, असा खुलासाही केला. हल्ल्यात आप्त गमावलेल्यांमध्येही एकमत नव्हते. काहींना ती जखमेवर मीठ चोळल्यासारखी वाटे, तर काहींच्या मते आपल्या मुलाच्या मरणाचा असा वापर करणेच अधिक क्लेशदायक होते. मृतांमध्ये मुस्लीमही होते आणि दक्षिण मनोऱ्याच्या सतराव्या मजल्यावर नमाजाची खोलीही होती, याची आठवण फार थोड्यांनी ठेवली.

न्यायालयाने अडवले नाही, शहराने अडवले नाही. तरीही ते केंद्र उभे राहिले नाही. इमाम आणि व्यावसायिक यांच्यात अंतर पडले, पैसा जमला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये जुन्या इमारतीत एक छोटे दालन उघडले, पुढे तीन मजली संग्रहालयाचा बेत झाला आणि शेवटी त्या भूखंडावर महागड्या सदनिकांचा मनोरा उभारण्यात आला. याच हल्ल्यात नष्ट झालेले सेंट निकोलस हे ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च प्रत्यक्ष दुर्घटनास्थळाच्या आवारात पुन्हा बांधण्यात आले आणि २०२२ च्या जुलैत त्याचा अभिषेक झाला. त्याला पैशांअभावी विलंब झाला, पण ‘इतक्या जवळ कशाला’ असे विचारणारे आंदोलन झाले नाही. तेव्हा दोन रस्त्यांचे अंतर हा खरा मुद्दा नव्हता. कोणाचे प्रार्थनास्थळ, हा होता.

याहून वेगळा मार्ग पोलंडमध्ये निघाला. १९८४ मध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीच्या भिंतीला लागून असलेल्या इमारतीत कार्मेलाइट जोगिणींनी मठ सुरू केला. त्या तेथे मृतांसाठीच प्रार्थना करणार होत्या. त्यांच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नव्हते. पण लाखो ज्यूंच्या मरणभूमीवर ख्रिस्ती क्रूसाची सावली पडावी हे ज्यू समाजाला असह्य झाले. १९८७ मध्ये जिनिव्हात कॅथलिक आणि ज्यू प्रतिनिधींनी मठ हलवण्याचा करार केला. मुदत टळली, १९८९ मध्ये मठाच्या आवारात निदर्शने आणि झटापट झाली, पोलंडच्या कार्डिनलांनी कटू उद्गार काढले. शेवटी १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः पत्र लिहून जोगिणींना स्थलांतर करण्यास सांगितले आणि मठ थोड्या अंतरावर गेला. हक्क कोणाचा हे त्यात कोणी ठरवले नाही. ज्यांच्या अधिकाराला जोगिणी मानत होत्या त्यांनी सांगितले आणि त्यांनी ऐकले, इतकेच.

प्रतापगडाच्या बाबतीत असा प्रयत्न होऊ शकला असता का? माझ्या मते निदान एकदा व्हायला हवा होता. कबर राहील, तिची निगा राखली जाईल, भोवती दुसरे काही राहणार नाही, असा तोडगा महाराजांच्या परंपरेशी सुसंगत होता आणि कायद्याशीही. राज्यातील मान्यवर मुस्लीम व्यक्तींना आणि शिवप्रेमी संघटनांना एका टेबलावर बसवून तो मान्य करवून घेता आला असता. त्याऐवजी शासनाने आधी बांधकाम होऊ दिले, मग न्यायालयाचे आदेश बासनात ठेवले आणि शेवटी कारवाई केली ती नेमकी खानवधाच्या इंग्रजी तारखेला. तिथीप्रमाणे शिवप्रताप दिन मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला येतो, तो त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस होता. १० नोव्हेंबरला बुलडोझर नेण्यामागे प्रशासनाचा विचार काहीही असो, वनजमिनीवरील अतिक्रमण हटवण्याच्या कारवाईला त्या तारखेने विजयोत्सवाचे रूप दिले. अतिक्रमण काढणे योग्यच होते. ते वर्षाच्या कोणत्याही मंगळवारी काढले असते तरी तितकेच योग्य ठरले असते आणि ‘हा कायदा सर्वांना सारखा’ हे म्हणणे अधिक पटले असते.

तो सारखेपणा तपासण्याची संधीही लगेच आली. पाडकामानंतर त्याच पायथ्याशी खानवधाचे शिल्प उभारावे, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सुरू करावा, अशा मागण्या पुढे आल्या. महाराष्ट्राच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या प्रसंगाची खूण तेथे असावी, या इच्छेत गैर काही नाही. ते शिल्प वनजमिनीवर उभे करायचे असेल तर त्यालाही केंद्राची तीच पूर्वपरवानगी लागेल, जी पाडलेल्या खोल्यांकडे नव्हती.