शहरं दाटीनं वसवावीत की ऐसपैस?

सिड मायर यांनी १९९१ साली आणलेल्या 'सिव्हिलायझेशन' या खेळातला खरा कस लागतो तो दुसरं शहर वसवताना. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीचा नकाशा षटकोनी घरांचा आहे. शहराला भोवतालची तीन घरांपर्यंतची जमीन कसता येते. ६, १२ आणि १८ मिळून ३६ घरं. एवढी जमीन वाटून घ्यायची कशाला, म्हणून नवखा खेळाडू शहरं लांब लांब ठेवतो.

पण एक नागरिक एकच घर कसतो! १० लोकसंख्येच्या शहराला १० घरं पुरतात, बाकीची पडीक राहतात. शिवाय विद्या, व्यापार, उद्योग यांचे खास विभाग लोकसंख्येनुसार मिळतात: पहिला १ वर, मग ४, ७, १० वर. एका शहरात एका प्रकारचा विभाग एकदाच बांधता येतो. म्हणजे चार विभागांसाठी एक शहर १० पर्यंत वाढवावं लागतं, तर चार नवी शहरं प्रत्येकी एका नागरिकावर तेवढेच विभाग देतात. दाटीचा फायदा इथे आहे.

वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून षटकोनी मांडणीचाच सिद्धान्त मांडला होता. मात्र त्या सिद्धान्तातली जमीन सपाट, एकसारखी होती. खेळातली तशी नसते. गोड्या पाण्याकाठच्या शहरात सुरुवातीला ५ जणांची सोय होते, समुद्राकाठी ३, कोरड्या जागी फक्त २.

दोन शहरांमध्ये किमान तीन घरं सोडावीच लागतात. तेवढीच सोडा, पण त्यासाठी नदीकाठ मात्र सोडू नका.